मागे जायची खूण

पिरंगुटहून लवासाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उरवडे लागते. एका अंगाला मुळशीची भातखाचरे, दुसऱ्या अंगाला पिरंगुट भागातले कारखाने, आणि पुणे शहर दरवर्षी थोडे आणखी जवळ येत चाललेले. अशा गावात मोबाइल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, फोनवर छायाचित्र काढून करावी असे ठरले. पगार जमा झाल्याचा निरोप फोनवर येतो, गॅसची टाकी फोनवर नोंदवायची असते, किराणा दुकानातले पैसे चौकोनी कोड टिपून द्यायचे असतात. म्हणून इथे कोणी ‘फोनची खालची बटणं गेली’ असे म्हणते, तेव्हा त्याचा अर्धा दिवस अडलेला असतो. या तक्रारीकडे बहुतेक वेळा अडाणीपणा म्हणून पाहिले जाते: बटणे कुठे जातात, सेटिंगमध्येच तर असतात, यांना कळत नाही एवढेच. मला हे निदान चुकीचे वाटते. आपल्याकडच्या टेलिफोनचा इतिहास ओळीने लावून पाहिला, तर यंत्राने जेव्हा जेव्हा आपली खूण लपवली तेव्हा तेव्हा माणसाला दुसऱ्या माणसाकडे जावे लागले असे दिसते. खूण डोळ्यांसमोर होती तो काळ सामान्य माणसाच्या स्वावलंबनाचा होता. तो काळ येऊन गेला, आणि तो फार लांबचा नाही.

सुरुवात बटणांशिवायच झाली होती. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा यंत्रावर आकडे नव्हते. कानाला रिसीव्हर लावायचा, पलीकडून ऑपरेटर नंबर विचारणार, आणि ती व्यक्ती आपल्या हाताने तार जोडून देणार. पुढे शहरांत चकतीचे फोन आले तरी लहान गावांतल्या यंत्रांना बरीच वर्षे नुसता दांडा होता. तो फिरवला की तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये घंटी वाजायची आणि बाकीचे सगळे तिथल्या माणसाच्या हाती. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन्तास वाट पाहायची, घाई असेल तर जास्त पैसे मोजून अर्जंट किंवा लाइटनिंग. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांच्या लग्नपत्रिकेवर आणि व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरे असत. तो नंबर शेजाऱ्याचा. फोन आला की शेजारच्या घरातले मूल जिना उतरून हाक मारायला येई. आज त्या दोन अक्षरांची आठवण हळवेपणाने काढली जाते, पण तिच्यातली परवशता विसरू नये. घरातला आजार, मुलीच्या सासरची बातमी, उसनवारीचा तगादा हे सगळे दुसऱ्याच्या बैठकीत उभे राहून, चार जणांच्या देखत बोलावे लागे. यंत्र चालवण्याची किल्ली आपल्या हातात नसण्याची ही किंमत होती.

ती किल्ली हळूहळू हाती आली. कानपूर ते लखनौ असा थेट डायल करण्याचा पहिला मार्ग १९६० मध्ये सुरू झाला. मात्र खेड्यांपर्यंत हे पोहोचायला ऐंशीचे दशक उजाडावे लागले. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने वातानुकूलित खोलीशिवाय, धुळीत आणि उन्हात चालेल असे १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. त्यातले पहिले १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसले, म्हणजे मराठी मुलखाच्या अगदी उंबऱ्यावर. पाठोपाठ पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. बूथ देताना अपंगांना प्राधान्य मिळे, त्यामुळे कितीतरी घरांची चूल त्या काचेच्या खोक्यावर पेटली. बूथमध्ये फोनला बटणे होती, समोर लाल आकड्यांचा मीटर पळत होता, बोलणे संपले की छापील पावती निघत होती. तरीही चिठ्ठीवरचा नंबर बूथवाल्याच्या हाती देऊन ‘एवढा लावून द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक थोडे नव्हते. ऑपरेटर गेला, त्याच्या जागी बूथवाला आला. फरक एवढाच, की आता बटणे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर दाबली जात होती. ते काम पाहून पाहून शिकता येत होते, आणि लोक शिकले.

त्या शिकण्याला फळ आले ते साध्या मोबाइलच्या काळात. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. पण गावाच्या दृष्टीने खरी तारीख मे २००३ म्हणायला हवी, कारण तेव्हापासून येणारा कॉल फुकट झाला. त्याच वर्षी नोकियाने ११०० हा फोन बाजारात आणला. जगभरात २५ कोटींच्या आसपास खपलेला हा फोन आपल्यासारख्या देशांसाठी मुद्दाम घडवलेला होता. धूळ आत जाऊ नये म्हणून समोरचा भाग सलग झाकलेला, हातातून निसटू नये म्हणून खरबरीत कडा, वीज गेली तर टॉर्च, आणि आकड्यांच्या वर पडद्यालगत एकच मोठे बटण. त्या बटणाने काय होईल हे त्या क्षणी पडद्यावर लिहून येई. शेजारचे ‘सी’ दाबले की एक पाऊल मागे, दाबून धरले की थेट मुख्य पानावर. चिखलाचा हात पुसून चावडीवर बसलेल्या माणसाला, लिहिता न येणाऱ्या बाईला, चष्मा घरी विसरलेल्या म्हाताऱ्याला ही बटणे बोटांनी चाचपून कळत. नाव वाचता येत नसेल तर मुलगा अमुक क्रमांकाच्या बटणावर आहे असे लक्षात ठेवून ते दाबून धरता येई. टेलिफोनच्या आपल्या सगळ्या इतिहासात एवढ्या मोठ्या संख्येने माणसे मधल्या माणसाशिवाय आपले यंत्र आपण चालवू लागली ती या दहा-बारा वर्षांत. या गोष्टीची नोंद आपल्याकडे पुरेशी घेतली गेलेली नाही, कारण ती कोणा पुढाऱ्याने केलेली नव्हती आणि तिचे उद्घाटनही झाले नव्हते.

त्या फोनची दुरुस्तीही डोळ्यांना दिसणारी होती. कीपॅडच्या रबराखाली पत्र्याच्या छोट्या टिकल्या असत. त्या दबून गेल्या की पाचचा आकडा उमटेनासा होई. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीपासून तालुक्याच्या एसटी स्टँडशेजारच्या टपरीपर्यंत, सुटे भाग आणि ते बसवणारे हात यांची एक साखळी उभी राहिली. बटण गेले याचा अर्थ बटण झिजले. कारागीर पाठ उघडून दाखवी, नवे कीपॅड बसवी, पैसे घेई. गिऱ्हाइकाला आपण कशाचे पैसे दिले ते कळत असे. पुढच्या बदलाने या धंद्याचाही पाया हलवला.

पहिला अँड्रॉइड फोन २००८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत विकायला आला. त्यावर होम, बॅक, मेनू अशी खरी, दाबायची बटणे होती, शिवाय बोट फिरवायला एक गोळा. भारतात असा फोन पुढच्या वर्षी आला. मग बटणे काचेखाली गेली. दिवा लागला की दिसायची, विझला की काळी काच. त्यातही एका कंपनीने ‘बॅक’ उजवीकडे ठेवले, दुसरीने डावीकडे, त्यामुळे फोन बदलला की अंगठ्याला सगळे नव्याने शिकावे लागे. २०११ मध्ये गॅलेक्सी नेक्सस या फोनबरोबर बटणे पडद्याच्या आत आली: मागे, घर, आणि नुकतेच उघडलेले. म्हणजे तोवर जो धातूचा किंवा काचेचा भाग होता तो आता चित्र झाला, आणि चित्र पुसता येते. अँड्रॉइडच्या २०१३ च्या आवृत्तीत व्हिडिओ किंवा खेळ पूर्ण पडद्यावर चालू असताना ही पट्टी लपवण्याची रीतसर सोय आली. २०१४ मध्ये बाण आणि घराची ओळखू येणारी चित्रे जाऊन त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आले. घराचे चित्र कोणालाही घर म्हणून कळते. वर्तुळ म्हणजे घर हे मात्र कोणीतरी सांगावेच लागते. २०१७ मध्ये ‘आयफोन टेन’ने दहा वर्षांचे गोल बटण काढून टाकले आणि इतरांना वाट मिळाली. २०१८ च्या अँड्रॉइडमध्ये तीन बटणांच्या जागी एक गोळी आणि एक बाण उरला, २०१९ च्या आवृत्तीत तेही जाऊन तळाशी एक बारीक रेघ राहिली. कडेवरून बोट आत सरकवले की मागे, खालून वर सरकवले की घर. जुनी तीन बटणे पर्याय म्हणून ठेवली गेली, पण सेटिंगच्या आत.

हे करण्यामागे जागेचे कारण दिले जाते, आणि ते तपासून पाहण्यासारखे आहे. गॅलेक्सी नेक्ससच्या पडद्याची उंची १२८० ठिपके होती आणि त्यातले ९६ बटणांच्या पट्टीला जात, म्हणजे ७.५ टक्के. ४.६५ इंचांच्या पडद्यावर ही जागा खरोखर महाग होती, तरी तेव्हा बटणे ठेवली गेली. आज साडेसहा इंचांचे लांबट पडदे सर्रास झाले आहेत आणि तीच पट्टी पाच-साडेपाच टक्के जागा घेते. जागेची चणचण कमी होत गेली तसतशी बटणे काढण्याची निकड वाढत गेली, हे गणित जुळत नाही. खरे कारण मला दुसरे दिसते. समोरून सगळे फोन एकसारखी काळी काच होत गेले, आणि कडेपर्यंत अखंड पडदा ही विक्रीची खूण झाली. दुकानातल्या मांडणीत जो फोन अधिक मोकळा दिसतो तो विकत घेतला जातो. बटण नसण्याचा त्रास घरी गेल्यावर सुरू होतो. गूगलच्या रचनाकारांनीच २०१९ मध्ये सांगितले होते की लोक ‘घर’पेक्षा ‘मागे’ निम्म्याने अधिक वेळा वापरतात. सगळ्यात जास्त लागणारी खूणच सगळ्यात पूर्णपणे अदृश्य झाली, कारण घराची निदान एक रेघ तरी उरली, मागे जायच्या वाटेची काहीच उरली नाही.

आता ‘बटणं गेली’ म्हणजे प्रत्यक्षात काय होते ते पाहू. कधी फोन रात्री स्वतःहून अद्ययावत झालेला असतो आणि पद्धत बदललेली असते. कधी फोन नवा असतो आणि त्यात मुळातच जेश्चर, म्हणजे बोट सरकवण्याची पद्धत, चालू असते. कधी नातवाने खेळता खेळता सेटिंग बदललेले असते. कधी चालू असलेल्या ॲपने सगळा पडदा व्यापलेला असतो आणि खालच्या कडेवरून बोट वर सरकवले की बटणे क्षणभर परत येतात. क्वचित मूळ दुखणे काचेचे असते: पडद्याच्या तळाचा स्पर्शच मेलेला असतो, मग बटणे दिसतात पण ऐकत नाहीत, आणि कॉम्बो, म्हणजे काच आणि पडदा एकत्र, बदलावा लागतो. या शेवटच्या प्रकारात सरकवण्याची पद्धत किंवा पडद्यावर तरंगणारे बटण उलट उपयोगी पडते, हे मान्य करायला हवे. बाकीच्या प्रकारांत उपाय दोन मिनिटांचा आहे. सेटिंग्ज उघडायची, काही फोनांत सिस्टमखाली जेश्चर, त्यात सिस्टम नेव्हिगेशन, आणि तिथे तीन-बटण नेव्हिगेशन निवडायचे. सॅमसंगमध्ये हेच डिस्प्लेखाली नेव्हिगेशन बार या नावाने असते. नाव सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत नेव्हिगेशन लिहिले तरी पोहोचता येते. पण ज्याला हे माहीत नाही तो काउंटरवर फोन ठेवतो, आणि तिथे त्याला कधी कधी ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल’ असे ऐकायला मिळते. सॉफ्टवेअर मारणे म्हणजे फोन कोरा करणे. लग्नाचे फोटो, गेलेल्या आईचा आवाज, बँकेच्या ॲपची नोंदणी सगळे जाऊ शकते, तेही पुसले न गेलेले बटण परत आणण्यासाठी. सगळे दुकानदार असे करत नाहीत, पुष्कळ जण हे काम हसत फुकट करून देतात. प्रश्न त्यांच्या सचोटीचा नाही. कीपॅडच्या काळात झिजलेला भाग गिऱ्हाइकाला दिसत होता, त्यामुळे त्याला सांगितलेले पारखता येत होते. आता दोष अदृश्य, उपायही अदृश्य, त्यामुळे विश्वास ठेवण्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही.

यावर पहिला आक्षेप असा की माणसे शिकतात. लहान मुले तर न शिकवता बोट सरकवतात, मग हीच पद्धत अधिक नैसर्गिक नाही का? मुले शिकतात कारण त्यांच्याकडे वेळ असतो आणि त्यांच्या फोनमध्ये पीकविम्याचे पैसे नसतात. चुकीचे दाबले तर काय होईल ही भीती नसली की कोणतीही पद्धत सोपी. नैसर्गिकपणाचे म्हणाल, तर अँड्रॉइडमध्ये दोन्ही कडांवरून मागे जाता येते, आयफोनमध्ये मुख्यतः डावीकडून, आणि काही ॲपमध्ये डावी कड ओढली की त्यांची यादी उघडायची, तिची जागा मागे जाण्याने घेतल्यामुळे गोंधळ व्हायचा. निसर्गात असे मतभेद नसतात. याच्या शेजारी विजेचे बटण ठेवून पाहावे. मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले आणि ती वीज मुंबईला गेली.   पुढे वीज जेव्हा गावोगाव घरांत आली तेव्हा तिच्या बटणाचे प्रशिक्षण कोणाला द्यावे लागले नाही. भिंतीवर एका ठराविक जागी, खाली दाबले की चालू, वर असले की बंद. अंधारातही हात तिथे जातो. शिकायला सोपे म्हणतात ते याला, आणि हे सोपेपण बटण जागचे हलत नाही यातून आलेले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साध्या फोनचे एवढे कौतुक कशाला? त्यावर मराठी लिहायचे तर एका अक्षरासाठी एकच बटण चार-चार वेळा दाबावे लागे, आणि पुष्कळ फोनांत मराठी नव्हतीच. स्मार्टफोनमुळे निरक्षर माणसाला प्रथमच निरोप पाठवता येऊ लागला, परगावच्या मुलाचा चेहरा दिसू लागला. हे सगळे खरे आहे, आणि यातले काही परत द्यावे असे कोणीही म्हणणार नाही. पण ज्या सोयीने अक्षरओळख नसलेल्यांना सगळ्यात मोठा हात दिला ती कोणती? २०१३ मध्ये व्हॉट्सॲपवर आलेला आवाजी निरोप. तो चालतो कसा? माइकचे चित्र असलेले एक ठळक बटण, नेहमी त्याच कोपऱ्यात, दाबून धरायचे आणि बोलायचे. स्मार्टफोनचे जे सर्वाधिक लोकांपर्यंत पोहोचले ते दिसणाऱ्या बटणाच्या आधाराने पोहोचले. म्हणून माझा आग्रह प्लास्टिकच्या कीपॅडचा नाही. काचेवर का असेना, खूण दिसती राहावी एवढाच आहे.

उरला तिसरा: पर्याय दिलेला आहेच, ज्याला हवा त्याने घ्यावा. पण हरवलेली गोष्ट मागे जायची वाट आहे. ती परत मिळवायला एकामागून एक चार पानांत शिरावे लागते, आणि चुकीच्या पानात गेल्यावर बाहेर पडायला नेमकी तीच वाट लागते. शिवाय त्या पानांवरची मराठी ‘जेश्चर’, ‘नेव्हिगेशन’ अशी असते, जी देवनागरीत लिहिली म्हणून समजत नाही. या दृष्टीने ऑगस्ट २०२१ ची घटना लक्षात ठेवावी. महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन वारंवार अडकत होते आणि नोंदींसाठीचे पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत होते. त्यांना जमत नाही, असे म्हणणे तेव्हाही सोपे होते. पण याच बायका वर्षानुवर्षे वजनाच्या, लसीच्या, आहाराच्या नोंदींची रजिस्टरे बिनचूक लिहीत आल्या होत्या. त्यांनी दोष आपल्यात न शोधता यंत्रात आणि ॲपमध्ये आहे असे ठामपणे सांगितले. पुढे ॲपमध्ये मराठी आली. तीन वर्षांनी लाडकी बहीण योजनेचे अर्ज मोबाइलवर भरायची वेळ आली तेव्हा गावोगाव त्यांनाच गाठले गेले. ऑपरेटर, पी.पी.चा शेजारी, बूथवाला या ओळीत आता अंगणवाडी सेविका, दुकानातला पोरगा आणि घरातला नातू उभे आहेत. ऑपरेटरला पगार होता आणि बूथवाल्याला कमिशन. नातवाला काहीच मिळत नाही, आणि आजीला त्याची शाळा सुटेपर्यंत थांबावे लागते.

करता येण्यासारखे फार थोडे आहे, आणि ते महागही नाही. नवा फोन पहिल्यांदा सुरू करताना तो भाषा विचारतो, वायफाय विचारतो, बोटाचा ठसा मागतो. तिथेच दोन चित्रे दाखवून ‘बटणे हवीत की सरकवणे’ हे प्रत्येक कंपनीने विचारावे. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून वापरायच्या सरकारी ॲपने फोनच्या पद्धतीवर विसंबू नये, आपल्या प्रत्येक पानावर ‘मागे’ असा मराठी शब्द लिहिलेले बटण ठेवावे. आणि कंपन्या करतील तेव्हा करतील, दुकानात हे आजही होऊ शकते. नवा फोन विकला की दुकानदार पडद्यावर टफन काच चिकटवतो, कव्हर घालतो, सिम बसवून देतो. तेवढ्याच वेळात गिऱ्हाइकाला विचारून तीन बटणे लावून देता येतात, आणि ती कुठून लावली ते पान त्याच्या हाताने एकदा उघडून घेता येते.